पावसाआधी व्यालेल्या मेंढ्या

बस, अत्ताहेर, उठू नकोस — हा चहाचा पहिलाच पेला आहे, तीन घेतल्याशिवाय कोणी जात नाही, बहिणीला न्यायला आलेला भाऊ असला तरी. ने तिला. मी अडवणार नाही. तंबू तिचा, मेंढ्या तिच्या, निघाली की सगळं घेऊन निघणार, रीत मला सांगू नकोस — पण मेंढ्या पाऊस पडेपर्यंत इथं राहू देत. मागतोय असं समजू नकोस. सांगतोय.

का म्हणजे? कोकरं बघितलीस? जन्मली तेवढीच आहेत अजून. आयांच्या कासेत काही नाही — चारा नाही तर दूध कुठून? हो, हो, या उन्हात मेंढी व्यायला नको, मलाही कळतं. एडक्याच्या पोटाखाली दोरी बांधायची ती त्यासाठीच, भलत्या वेळी त्यानं मेंढीवर चढू नये, कोकरू गवताबरोबर यावं म्हणून. बापानं बांधली, मी बांधली. पण मागं रोगानं अर्धा कळप गेला, म्हटलं वर्षात दोन वेतं घेऊ, भरून निघेल — थंडी यायच्या आत दोरी सोडली. मीच. कोणाला विचारलं नाही. हसतोस कशाला?

राइशा काय म्हणाली? सासऱ्यानं उपाशी ठेवलं? खोटं. बाजरीची पेज होती. धार काढायची नाही एवढंच म्हटलं होतं — म्हातारीकडून निरोप दिला, सुनेशी मी कसा बोलणार, ती दिसली की तोंडावर फडकं ओढून बाजूला होतो. जे आहे ते कोकरांचं. पण ही पहाटे गुपचूप काढायची, पोरासाठी. मी वाडगा घेतला तिच्या हातातून — हिसकावला नाही. घेतला. सांडलं, त्याला मी काय करू? बरं, हिसकावला. पोर रडत होतं. माझाच नातू तो, मला ठाऊक नाही? पण आज कोकरू मेलं तर मेंढी आटेल, मग पुढं पोराला पाजणार कोण — हे तिला सांगणार कोण? तिचा नवरा, माझा इल्यास, लिबियात जाऊन बसलाय. तू सांग. म्हणावं, सासरा म्हणतो, अर्धं पोराचं. बरं, सगळं पोराचं, सगळं काढ म्हणावं, मी तिकडे बघणारसुद्धा नाही — फक्त मेंढ्या —

तंबूचे खांब उपटले? तिनं? तुझा चहा संपायच्या आत?

तुमच्या विहिरीकडे गवत आहे म्हणालास. खरंच आहे? माझ्या डोळ्यांत बघून सांग.

मग ऐक. कोकरांना चालवू नकोस, वाटेत पडतील. पोत्यात घाल, उंटाच्या दोन्ही अंगांना, मुंडकी बाहेर ठेव. आया आवाजामागं येतात, हाकाव्या लागत नाहीत. माझी कोकरंही घाल. आयांसकट ने. सगळी. परत आणायची नाहीत — मी काय खाणार ते माझं मी बघेन.

तोंडाकडे काय बघतोस? ऊन चढतंय. ऊठ.