किटलीचं झाकण

थोरले : ...आणि ही बघा रेडिएटरच्या पाण्याची बाटली. काठोकाठ! म्हणजे पाण्याचा प्रश्नच मिटला. मी रोज सकाळी बघतो. आधी बाटली, मग चहा.

धाकटे : बॉनेटमधून वाफ येतेय, साडूभाऊ.

थोरले : येतेय ना. पण पाण्याचा प्रश्न नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

धाकटे : मग कशाची म्हणायची ही? आनंदाची?

सासूबाई : अहो जावईबापू, आधी मला एक सांगा. गाडी पेटणार आहे का? पेटणार असेल तर उतरते. नसेल तर गुडघ्यांना उगाच त्रास नको.

धाकटे : पेटत नाही, आई. नुसती उकळलीय. तुम्ही मागे निवांत बसा. काचा खाली करतो, वारा लागेल.

सासूबाई : निवांत कसली! वाढदिवस माझा, सगळं गणगोत या मोठ्या जावयांच्या घरी जमलंय, आणि उत्सवमूर्ती इथे तुमच्या फाटकाशी शिजतेय.

थोरले : दहा मिनिटांत निघू, आई. किटलीराव, बघा जरा हात लावून. नशीब की तुमचं घर वाटेवर आहे.

धाकटे : नशीब तर खरंच. कुणाचं ते बघू.

थोरले : तुम्ही येत नाही म्हणे आज? तुमची मंडळी सकाळीच आली आमच्याकडे. म्हणाली, ह्यांचं डोकं दुखतंय.

धाकटे : दुखत होतं. तुमची गाडी फुसफुसत दारात आली आणि एकदम उतरलं बघा.

सासूबाई : डोकं कसलं दुखतंय त्यांचं! जेवणं झाली की तुम्ही घाटातली गोष्ट सांगायला उभे राहता. गाडी कशी उकळली, हे कसे घामाघूम होऊन ढकलत होते, सगळी नक्कल करून. मग पोरंटोरं 'किटली काका, किटली काका' करत यांच्या मागे. मीसुद्धा डोकं धरून घरी बसले असते.

थोरले : अहो आई, गंमत असते ती! घरातली माणसं हसतात, तेवढाच विरंगुळा. यांनाही आवडते. काय हो?

धाकटे : फार. माझी मुलगी शाळेत होती तेव्हा तिला मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा चहाच्या दुकानात असतात का? तेव्हापासून मला फारच आवडायला लागली. जरा सरका. एक फोटो काढतो.

थोरले : फोटो कशाला?

धाकटे : निदानासाठी. वाफ नीट दिसली पाहिजे. तुम्ही असे बाजूला उभे राहा, प्रमाण कळतं. हं. जरा हसा.

थोरले : पुरे! झाकण उघडा आणि पाणी ओता, म्हणजे झालं.

धाकटे : तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी तोंडावर येतं, साडूभाऊ. चेहरा जातो. तुमचा चेहरा सगळ्या नातेवाइकांना हवाय आज. इंजिन थंड होऊ द्यायचं. अर्धा तास तरी.

थोरले : अर्धा तास?

धाकटे : त्या दिवशी घाटात तुम्हीच म्हणाला होता, 'घाई करू नका, किटलीराव, चहा मुरू द्या.' मी विसरलेलो नाही. काटा कुठवर गेला होता?

थोरले : कसला काटा?

धाकटे : तापमानाचा. समोर असतो.

थोरले : तो ना, मोबाईलच्या स्टँडमागे येतो. दिसत नाही. पण बाटली दिसते ना!

सासूबाई : मी जरा डोळे मिटते. निघायच्या वेळी हलवा.

धाकटे : मिटा, आई. तोवर मी बाहेरून तपासतो. खाली थेंब नाहीत. म्हणजे पाइप फुटलेला नाही. पंपाखालीही कोरडं. पट्टा शाबूत. ऑइलची पट्टी ओढून बघू. हं...

थोरले : हं म्हणजे काय?

धाकटे : हंऽऽ.

थोरले : अहो, बोला ना!

धाकटे : ऑइलवर चहावरच्या सायीसारखं काही दिसलं, की समजायचं इंजिनच्या पोटात पाणी शिरलं. मग अख्खं इंजिन खोलावं लागतं. गाडी महिनाभर गॅरेजात. काही काही गाड्या परतच येत नाहीत.

थोरले : आणि... दिसलं?

धाकटे : नाही. स्वच्छ आहे. पण तुमचा चेहरा बघायचा होता.

थोरले : तुम्ही सूड उगवताय काय माझ्यावर?

धाकटे : मी? छे! मी निदान करतोय. घाटातल्या त्या दिवसानंतर मी एवढं एकच शिकलो. लोक रविवारी मटार सोलतात, मी बॉनेट उघडून बसतो. पुन्हा कुणी किटली म्हणायची सोय ठेवायची नाही, म्हणून. तरी म्हणतातच. चला, अर्धा तास झाला, आता पाइप दाबून बघू. मऊ लागतोय, दाब गेला. फडकं द्या. हे झाकण हळूहळू फिरवायचं... आणि हे बघा.

थोरले : काय बघू? काळोख आहे आत.

धाकटे : काळोखच आहे. पाणी असतं तर चमकलं असतं. रेडिएटर ठणठणीत कोरडा. तुमची बाटली भरली होती ती यामुळेच. गाडी तापली की पाणी बाटलीत जातं, निवली की झाकण ते परत ओढून घेतं. हे झाकण नुसतं द्यायचं, घ्यायचं नाही. सगळं पाणी बाटलीत जाऊन बसलं, आणि तुम्ही रोज सकाळी त्याचं दर्शन घेऊन चहा प्यायलात.

थोरले : म्हणजे साधं झाकण! एवढंसं! मग बदला की.

धाकटे : रबर पार वाळून गेलंय. भेगा बघा. फार जुनं आहे हे... थांबा.

थोरले : आता काय झालं?

धाकटे : हा लाल ठिपका कसला?

थोरले : गंज असेल.

धाकटे : गंज असा चकाकत नाही. नेलपेंट आहे. माझ्या बायकोचं.

थोरले : काहीतरीच काय! तिचं नेलपेंट माझ्या गाडीत कशाला येईल?

धाकटे : तेच विचारतोय. मी झाकण अर्धवट लावायचो, म्हणून तिनं एक ठिपका झाकणावर लावला होता आणि एक रेडिएटरच्या गळ्यावर. दोन्ही समोरासमोर आले की झाकण पक्कं बसलं, असं समजायचं. माझ्या गाडीच्या गळ्यावरचा ठिपका अजून आहे. झाकणावरचा त्या दिवशी घाटात दिसेना. मला वाटलं वाफेनं धुपून गेला. काय मी शहाणा! ठिपका गेला नव्हता, झाकणच गेलं होतं.

थोरले : हळू बोला. आई झोपल्यात ना?

धाकटे : गाढ. तुम्ही बोला.

थोरले : अहो, त्याचं असं झालं... आपल्या दोघांच्या गाड्या एकसारख्याच ना.

धाकटे : एकाच महिन्यात घेतलेल्या. रंगसुद्धा एक. रंग माझा बघून तुम्ही घेतला होता.

थोरले : तेही खरं. आदल्या रात्री दोन्ही गाड्या आईंच्या अंगणात उभ्या होत्या. माझी गाडी येतानाच तापत होती. मेकॅनिक म्हणाला, झाकण गेलंय, ह्यानं घाट चढू नका. दुकानं बंद. सकाळी सगळ्यांना घेऊन निघायचं. मग म्हटलं...

धाकटे : थांबा, थांबा. बोलता बोलता काम करू. कूलंट ओततो. असं सावकाश ओतायचं. कपाटात नवी झाकणं तीन पडलीत, त्यातलं एक आणलं. पण आधी झाकण न लावता इंजिन चालू करायचं, आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. करा चालू. हं. बुडबुडे थांबले. आता झाकण लावलं. आता रेडिएटरचा पंखा लागतो का ते बघायचं. तुम्ही तुमचं पुढे सांगा.

थोरले : म्हटलं, यांच्या गाडीत वजन कमी, यांचं निभावून जाईल...

धाकटे : पंखा लागला! छान. पण काही ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला!

थोरले : म्हटलं, तुमचं निभावेल!

धाकटे : काय निभावेल?

थोरले : माझं खराब झाकण! तुमच्या गाडीला लावलं! तुमचं चांगलं मी घेतलं! बॅटरी तोंडात धरून, अनवाणी!

धाकटे : आणि घाटात माझी गाडी उकळली, तेव्हा तुम्ही मागून आलात, उतरलात आणि कॅमेरा काढलात!

थोरले : मग काय करणार! घाबरलो होतो! कुणी झाकणाकडे बघू नये म्हणून तुमच्याकडे बघायला लावलं! किटली हे नाव तिथेच सुचलं, आणि लोक इतके हसले, की मग थांबता येईना!

धाकटे : इतकी वर्षं?

थोरले : दर वर्षी वाटायचं या वेळी सांगू नये! पण लोकच म्हणतात, सांगा, सांगा! हे बघा, पाया पडतो तुमच्या! माझ्या घरात आज माझे व्याही आलेत, सुना आहेत! कुणाला सांगू नका!

धाकटे : नाही सांगणार!

थोरले : आईंना तर मुळीच नाही!

धाकटे : माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही! हवं तर लिहून देतो!

(पंखा थांबतो. इंजिन मंद घुरघुरत राहतं. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर येतो आणि दारावर दोनदा टकटक करतो.)

सासूबाई : थांबला का तो पंखा? बरं झालं. घसा बसला असता मोठ्या जावयांचा.

थोरले : आई! जाग आली तुम्हाला?

सासूबाई : यायला गेली कुठे होती? मी डोळे मिटते म्हणाले, कान मिटते असं कुठे म्हणाले?

थोरले : साडूभाऊ, तुम्ही तर म्हणालात, गाढ!

धाकटे : मी गाडीकडे बघत होतो.

थोरले : आई, किती ऐकलंत?

सासूबाई : तुमच्या आवाजात काही कमी होतं का? ती पलीकडच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायचं सोडून उभी आहे केव्हापासून. माझ्या अंगणात, माझ्या जावयानं, माझ्याच जावयाच्या गाडीत चोरी केली. आणि दुसऱ्या दिवशी मीच हसले हो सगळ्यांत मोठ्यानं. त्याचं मला जास्त लागलं.

थोरले : जुनी गोष्ट आहे, आई. चुकलं. आता ती गोष्ट पुन्हा कधी काढायचीच नाही. संपली. मी शब्द देतो.

सासूबाई : संपली कशी? लोक वाट बघत असतात. आज जेवणं झाली की होईल ती, दर वर्षीसारखी. फक्त सांगणार मी. नक्कल तुम्हीच करा, तुम्हाला छान जमते. घाटापासून नको, आदल्या रात्रीपासून सुरू करा. बॅटरी तोंडात धरून.

थोरले : माझ्याच घरात?

सासूबाई : तुमचंच घर बरं पडेल. अनवाणी चालायला फरशी गार असते.

धाकटे : आई, मी शब्द दिलाय. माझ्याकडून काही नाही.

सासूबाई : तुम्ही गप्पच बसा. इतकी वर्षं बसलात, आणखी एक दिवस बसा. आणि मोठे जावई, तुम्ही व्हा पुढे, पाहुणे थांबलेत. काट्यावर लक्ष ठेवा, ते मोबाईलचं बुजगावणं काढा तिथून. मी यांच्या गाडीतून येते. हात द्या हो कुणीतरी, गुडघे धरलेत. आणि धाकटे जावई, असे बघत काय राहिलात? डोकं उतरलंय ना?

धाकटे : उतरलंय. थांबा, शर्ट बदलून आलोच.