कॉम्प्युटरवर पडलेल्या अक्षता

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? नेरूळच्या घरी नुकताच कॉम्प्युटर आला होता. आमच्या धाकट्या भाऊजींनी मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी त्यात घातली आणि पत्त्यांच्या जुगाराचा एक खेळ आत शिरला. मनाला येईल तेव्हा तो आपोआप उघडायचा आणि नाणी खुळखुळायला लागायची. अन् शेजारीच माझा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट!

मी म्हटलं, "भाऊजी, पुढच्या गुरुवारी सवाष्णी येणार, आरतीची सीडी यावरच लावायची आहे. त्याआधी हे सोंग घराबाहेर काढा."

शुक्रवारी सकाळी मी उत्तरपूजा करत असतानाच ते म्हणाले, "वहिनी, उडवला!"

पुढच्या गुरुवारी आरती ऐन रंगात आली आणि खळ्ळकन नाणी वाजली. पलीकडच्या काकूंनी हातच जोडले. "अगंबाई, लक्ष्मी पावली!"

सवाष्णी गेल्यावर मी भाऊजींवर भडकलेच. "नुसतं पडद्यावरचं त्याचं चित्र पुसलंत ना? दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू जातो का?"

तर उलट मलाच म्हणतात, "वहिनी, मी तो काढत होतो, तेव्हाच तुम्ही 'परत या' म्हणून अक्षता टाकल्यात. निम्म्या कॉम्प्युटरवर पडल्या!"

"त्या लक्ष्मीला होत्या!" मी म्हटलं. "तिला मी इतकी वर्षं बोलावतेय, ती येईलच. पण हा मेला पहिल्याच हाकेला हजर?"