गाठ कुणी शिकवली?

…आणि वर पोरगी मलाच विचारते, "हरवल्यावर जागा का सोडलीत?" मला! तुम्हाला सांगतो, शाळेतल्या पोरांना रानात कसं तगायचं ते शिकवणारा मास्तर मी! ओल्या लाकडाचा जाळ, फांद्यांचा आडोसा, दोराच्या गाठी… कुणी शिकवलं? मीच!

यंदा आमची कन्या माझ्याच वर्गात. म्हटलं, शिबिराला बापलेकी मिळून जाऊ! तर ही म्हणते, "बाबा, या वेळी तुम्ही येऊ नका ना. तुम्ही असलात की माझी शेकोटीसुद्धा तुम्हीच पेटवता." शाळेच्या मोठ्या बाई लगेच, "सर, दुसरे शिक्षक आहेत, तुम्ही जरा आराम करा!" आराम! जीव थाऱ्यावर राहतो का हो घरात? बायको म्हणाली, "अहो, बसा गप्प." बसतोय कसला! गेलो मागनं, लपतछपत. लांबून बघायचं नुसतं, एवढंच! झुडपाआडून डोकावलो, तर… पेटली हो शेकोटी, पहिल्याच काडीत! इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही पोरीनं. फिरलो माघारी. डोळ्यांत धूर गेला होता… धूरच होता हो!… आणि वाट चुकलो.

हरवलं की काय करायचं? आहे तिथंच बसायचं, शिट्टी वाजवायची, जागा सोडायची नाही. कुणी शिकवलं? मीच! आणि मी? भरभर चालत सुटलो, फिरून फिरून त्याच वारुळापाशी आलो, ओढ्यात आपटलो, मग लाज गिळून शिट्टी फुंकली.

आली पलटण! पुढे आमची कन्या. चेहरा असा, जणू ओळख ना पाळख! "घाबरू नका. पाणी घोटघोट प्या. नाव सांगा." अगं, मी तुझा बाप! "हो, पण नाव सांगा." डोकं ठिकाणावर आहे का ते बघायचं असतं म्हणे… म्हणे काय, मीच शिकवलंय! सांगितलं मुकाट्यानं. मागची कार्टी तोंड दाबून हसतायत!

निघताना मी हात पुढे केला. रस्ता ओलांडताना माझं बोट सोडायची नाही हो ही, एवढीशी होती तेव्हा. वाटलं, धरेल. तिनं हाताकडे बघितलं… आणि दोर काढून माझ्या कमरेला बांधला. हळूच म्हणाली, "हरवलेल्या माणसाचा हात धरायचा नाही, बाबा. हात सुटतो."

वाटभर ती गाठ ओढून बघत होतो, सुटते का. कसली सुटतेय! शिकवली कुणी? मीच!