डोरीनचं नाव लिहिलेलं विमान

(मिल्न बे, न्यू गिनी, १९४२. ऑस्ट्रेलियन हवाई दलाचा तळ. नारळींखाली एका विमानाची रिकामी जागा. इंजिनाचा मिस्त्री क्लेम तेलाच्या डब्यावर बसलाय. विमानाचा बाकी सांगाडा बघणारा त्याचा जोडीदार स्नो चहा घेऊन आलाय.)

स्नो : सापडलं रे आपलं विमान. खाडीपलीकडचे गावकरी होडीतून येऊन सांगून गेले. उथळ पाण्यात पडलंय. चहा घे.

क्लेम : आणि वैमानिक? डॅलगार्नो?

स्नो : आतच होता. त्यांनीच किनाऱ्यावर पुरला, वर फुलं ठेवली म्हणे.

क्लेम : पोहता येत नव्हतं त्याला. उडायला मात्र पहिला.

स्नो : टाउन्सव्हिलहून नवं किटीहॉक विमान आलंय. अमेरिकेहून पेटीत आलेलं, अजून रंगाचा वास मारतंय. सार्जंट म्हणतो, इथेच उभं करा. कालपासून तू ही जागा अडवून बसलायस, ते कळलंय त्याला.

क्लेम : संध्याकाळपर्यंत थांब म्हणावं.

स्नो : आता कोण यायचं राहिलंय?

क्लेम : डोरीन.

स्नो : क्लेम, तुझी बायको जाऊन पाच महिने झाले.

क्लेम : माहीत आहे. तार आली तेव्हा मी त्याच इंजिनात कोपरापर्यंत हात घालून होतो. जायला जहाज नव्हतं. विमानावर नाव लिहायला डावी बाजू वैमानिकाची, उजवी मिस्त्र्याची, ही आपली रीत. डॅलगार्नोनंच रंगाचा डबा आणून दिला. म्हणाला, लिही तिचं नाव.

स्नो : लिहिलंस तेही वाकडं. अक्षरं उताराला लागलेली.

क्लेम : सकाळी इंजिन तापवायचो, तिला ढगात सोडायचो. दुपारी डोळे मिटले की वाटायचं, वर कुठेतरी पांढऱ्या उन्हात हिंडतेय. संध्याकाळी चिखल उडवत परत यायची. नावावर हात ठेवायचो, पत्रा गरम असायचा. गेलेल्या बाईचं अंग इतकं गरम कसं असेल, सांग.

स्नो : कधी बोलला नाहीस.

क्लेम : हसला असतास.

स्नो : हसलो असतो. मग चहा आणून दिला असता.

क्लेम : साखर कमी आहे.

स्नो : आहे तेवढीच आहे. ऐक. नवा वैमानिक क्वीन्सलंडचा, मेंढ्या कातरायचा. आल्याआल्या विचारतो, माझा मिस्त्री कोण? उद्या पहाटे उडायचंय त्याला. इंजिन तू बघितलं नाहीस तर दुसरा कुणीतरी घाईत बघेल.

क्लेम : आणा मग. ढकलायला जास्त माणसं घे, चाक रुततं इथे.

स्नो : उजवी बाजू कोरी आहे. डबा आहे माझ्याकडे.

क्लेम : नको. तिला फार फिरवलं मी.

स्नो : मग नाव कुठेच नाही राहणार.

क्लेम : तिकडे घरी, बॅलरॅटला, तिच्या थडग्यावर दगड बसवायचा राहिलाय.