स्वरूपची गाडी

शालूबाई : …ही नोटीस हातात पडली, तशीच निघून आलो बघा. खरं सांगा, कुणाला धडक दिली का माझ्या पोरानं?

भरमू : आक्का, आधी बसा. धडक न्हाय, पोलीस न्हाय. ही नोटीस मीच धाडलीया वकिलाकडनं. ह्या गॅरेजचा मालक मी, भरमू.

शालूबाई : इंग्रजीत हाय न्हवं. शेजारची पोरगी म्हणाली, गाडीचं कायतरी हाय, काकतीच्या गॅरेजात बोलावलंय. निपाणीपासनं हितपर्यंत नुसतं देवाचं नाव घेत आलो. माझा स्वरूप जित्ता हाय न्हवं?

भरमू : असं का बोलताय? घरी न्हाय का त्यो?

शालूबाई : वरीस झालं. फोन बंद. तुमच्याकडं कवा आलता?

भरमू : गेल्या उन्हाळ्यात. इंजिन जाम झालतं, घाटावरनं ओढून आणलती. काम करून ठेवली, बिल सांगितलं, तर म्हणाला, अण्णा, येतो. आलाच न्हाय. गाडी तुमच्या नावावर, म्हणून नोटीस तुम्हाला. ती बघा, ती पांढरी. धूळ खाऊन पिवळी झालीया.

शालूबाई : व्हय, तीच. आरशाला ती माळ मीच बांधलती. विकणार काय तुम्ही?

भरमू : विकता येत न्हाय, हाच घोळ हाय. वकीलबाई म्हणाल्या, बिल मिळंपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क तुझा, पण विकायची तर कोर्टातनं परवानगी काढ. आणि इकडं हायवेचा सर्व्हिस रोड करणारे म्हणत्यात, गॅरेजपुढची जागा मोकळी कर. गाडी ठेवू कुठं? घरात बायको रोज बोलतीया. मला बी झोप न्हाय.

शालूबाई : तुमचं बिल मी बुडवणार न्हाय. पण आधी माझ्या पोराचं सांगा. वाळलाता काय? काय बोलला?

भरमू : गप गप होता. दिवाळीत दुसऱ्याच नंबरवरनं फोन आलता. म्हणाला, गाडी विकू नका अण्णा, आईची हाय.

शालूबाई : दिवाळीत? म्हणजे बरा हाय त्यो! अगं बाई… आणि नंबर हाय तुमच्याकडं?

भरमू : हाय की. पण आता लावला तर वाजतोय नुसता. बिलाचं विचारणार, म्हणून उचलत नसंल. घरातनं गेला कशापायी?

शालूबाई : ह्याच गाडीपायी. माझ्या पाटल्या मोडून पैसे भरलते. मीच काढून दिलत्या, त्यानं मागितल्या नव्हत्या. पण गाडीच्या भाड्याचा धंदा चालंना, आणि ह्याचा बा म्हणाला, पाटल्या आणल्याबिगर दारात येऊ नको. त्यो खरंच आला न्हाय. आता बा रातचं दाराला कडी लावू देत न्हाय.

भरमू : थांबा, लावून बघतो… वाजतोय… न्हाय उचलत.

शालूबाई : परत लावा की.

भरमू : न्हाय. मेसेज टाकतो. "गाडी आज भंगारात देतोय." बघू काय करतोय.

शालूबाई : खोटंच?

भरमू : भंगारवाला दोनदा येऊन गेलाय, तेवढं खरं हाय. ह्ये बघा! त्याचाच आला. आक्का, तुम्ही एकदम बोलू नका. तुमचा आवाज ऐकून फोन ठेवलाबिवला तर पंचाईत.

(फोनचा स्पीकर लावतो.)

स्वरूप : अण्णा, भंगारात नको! पाया पडतो तुमच्या.

भरमू : मग येऊन ने की रं. किती दिवस जागा अडवून ठेवू?

स्वरूप : हुबळीला गोडाऊनात कामाला हाय मी. साठवतोय थोडं थोडं. पण आता… आता असं करा अण्णा. भंगारात नको, चांगलं गिऱ्हाईक बघून विका. तुमचं बिल घ्या. उरलेलं निपाणीला आईला नेऊन द्या. मी पाठवलंय म्हणून सांगू नका.

भरमू : आणि तू?

स्वरूप : माझं काय. मी हाय हितंच.

शालूबाई : गाडी माझ्या नावावर हाय. मी सही करणार न्हाय.

स्वरूप : आई? तू हाईस तिथं?

शालूबाई : मीच. ऐक. पाटल्या माझ्या होत्या, गाडी माझी हाय, विकायची का ठेवायची ते मी ठरवणार. बिल दोघं मिळून फेडू, अण्णा थांबत्यात. पण मला गाडी चालवाय येत न्हाय रं. घरी कोण नेणार ती?

भरमू : कट झाला काय?

शालूबाई : न्हाय. चालू हाय. स्वरूप?

स्वरूप : …रविवारी सुट्टी असती मला.