फोनले इचारलेली गाठ

तुमी म्हणता, आपल्या फोनमध्ये लपवण्यासारखं हायेच काय. मी बी असंच म्हणत होतो.

आमच्या घरात फोन एकच. त्याच्यावर मी वांग्याचे भाव पाहतो अन् बायको भजनं आयकते. एक दिवस कामरगावच्या जीपमध्ये भाव पाहून राह्यलो होतो, तर मधातच छातीतल्या गाठीच्या तपासणीची जाहिरात आली. मी सरकवली, तर दुसरी तशीच. बाजूले बसलेल्या चुलतभावानं ते पाह्यलं अन् हळूच इचारलं, "वहिनीले बरं नाही काय?"

घरी आलो. बायको मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती.

"काय वं, तुले गाठ आली काय?"

तिचा हात थांबला. "तुमाले कोनं सांगतलं?"

"फोननं."

"मी तर फक्त त्यालेच इचारलं होतं," ती म्हणे.

दुसऱ्या दिवशी अकोल्याले नेलं. गाठ साधी निंघाली.

मंग वाशीमले शिकणारी पोरगी सुट्टीत आली. तिले हे समजलं, तं तिनं फोनमधलं सर्च इंजिनच बदलून देलं. म्हणे, "पहिलं तुमचं सारं ध्यानात ठेवत होतं, अन् त्याच्यावरूनच जाहिराती दाखवत होतं. हे इचारलेलं ठेवत नाही, कोणाले सांगत बी नाही."

बायकोनं आयकून घेतलं अन् फोन माझ्यापुढं ठेवला.

"हा आता तुमाले काही सांगनार नाही," ती म्हणे. "मले कसं काय हाये, ते आता तुमालेच इचारा लागन."