भुऱ्याचा उंबरठा

दोंडाईच्याच्या बसस्टँडवर शिरपूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या जैनबच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं. थोरलीनं धाकटीला विचारलं,

“हेमलता, सासूबाई कशा आहेत?”

“चालणं गेलं ते गेलंच, अक्का. आता खाट ओसरीवर आणलीय, भुऱ्यासाठी.”

“कुत्र्यासाठी?”

“तो पिलू होता तेव्हा आईंनीच शिकवलं त्याला, उंबरठा ओलांडायचा नाही. मागे सरला की लगेच भाकरीचा तुकडा द्यायच्या.”

“बरं, मग?”

“आता त्यांची चाकाची खुर्ची अडते म्हणून आम्ही उंबरठा काढला, सपाट फरशी बसवली. तरी हा बरोब्बर तिथंच थांबतो.”

“आईंनी बोलावलं तरी?”

“भाकरी दाखवून बोलावलं. लाळ गळत होती त्याची, पण पाऊल काही आत टाकलं नाही.”

“केवढं लक्षात ठेवलंय त्यानं.”

जैनबची गाडी लागली. ती उठली, पण पिशवी उचलेना.

“मग आई चिडल्या असतील त्याच्यावर,” अक्का म्हणाली.

“कसल्या चिडतात. खाटेवरून त्याच्या डोक्यावर हात फिरवतात आणि आम्हा बठ्ठ्यांना, अख्ख्या घराला ऐकवतात, ‘मन्हं ऐकणारा ह्या घरमा हाऊ एकच शे.’”